मी देतो, मी देतो!

मी एक लाकडी डबी बोलतेय. युक्रेनमधल्या आमच्या कोलोमिया गावात जेवण आटोपलं की वाढपीण जिला टेबलावर आणून ठेवते, आणि जिला बघताच निम्म्या मंडळींना एकदम हात धुवायची आठवण होते, ती मी. बिलाची डबी. बिल माझ्या पोटात घालून आणायचं आणि पैसे माझ्या पोटात घालून न्यायचे, एवढंच माझं काम. पण एवढ्याशा कामात मी माणसांची जी सोंगं पाहिली आहेत ना, ती इथल्या पाद्रीबाबांनीही कबुलीच्या वेळी ऐकली नसतील.

तशी मी चांगल्या घरची हो. कोसिवच्या ओनुफ्री नावाच्या म्हाताऱ्या कारागिरानं मला घडवलं. नासपतीचं लाकूड सावलीत वाळवलं, सावकाश कोरलं, झाकणावर पितळेच्या तारेचं फूल बसवलं. "हिच्यात एखाद्या नव्या नवरीची पोवळ्यांची माळ राहील बघ," असं तो शेजाऱ्याला म्हणाला, तेव्हा मी मनातून काय सुखावले होते! शनिवारच्या बाजारात मला मांडलं. नवरी काही आली नाही. आला झेनोवी, पोट दोन पावलं पुढे घेऊन चालणारा हॉटेलवाला. त्यानं म्हाताऱ्याशी इतकी घासाघीस केली की मलाच लाज वाटली. "पोवळी-बिवळी कसली घेऊन बसलाय बाबा? बिलं ठेवीन हिच्यात. डबी नक्षीची असली की गिऱ्हाईक लाजून चार पैसे जास्त टाकतं." झालं. पोवळं राहिलं बाजूला आणि बोर्शचे, म्हणजे बिटाच्या साराचे, डाग पडलेली बिलं नशिबी आली.

हॉटेलचं नाव मी सांगणार नाही. झेनोवीची फुकट जाहिरात मी का करू?

तिथं माझं शिक्षण झालं. जेवणाचे पैसे देण्याची माणसांची एक वेगळीच भाषा असते. "राखुनोक, बुद लास्का", म्हणजे बिल आणा, कृपा करून. हे म्हणताना माणूस इतका गोड होतो की बायकोशी जन्मात तसा बोलला नसेल. बिल वाचून झालं की तो गोडवा जातो. मग पैसे टाकून "रेश्ती ने त्रेबा", उरलेले राहू द्या. उरलेले असतात कसेबसे एका पावाच्या किमतीचे, पण ऐट अशी की जणू गाव इनाम दिलं! आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे "या प्रिहोश्चायू". आजचं माझ्याकडून! हे वाक्य इथं कोणी हळू म्हणत नाही. चार टेबलांपलीकडे ऐकू गेलं नाही तर म्हणून उपयोग काय? पैसे नंतर दिले काय नि नाही काय, बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात.

त्या हॉटेलात वासिलिना वाढायला होती. डोंगरातल्या गावाकडची मुलगी, घरी आई एकटी. झेनोवीच्या सगळ्या वाढपिणींत माझ्यावरची चिकट बोटं रोज पुसणारी ती एकटीच. मालक तिला "पोरी" म्हणायचा आणि दुपारचं जेवण तिच्या पगारातून कापायचा.

आता ज्या दिवसानं सगळं रामायण घडवलं तो दिवस सांगते. रविवार होता. चर्च सुटल्यावर ओरेस्त आणि यारेमा दोघे आपापलं कुटुंब घेऊन आले. ओरेस्तची लाकडाची वखार, यारेमाची मोटार शिकवण्याची शाळा. दोघे एकमेकांचे कूम. एकाच्या लेकराला बाप्तिस्म्याच्या वेळी दुसऱ्यानं हातावर घेतलं, धर्मबाप झाला, की दोघे कूम झाले. सख्ख्या भावाशी अबोला चालतो इथं, पण कुमाशी नाही. कुमाला घरी जेवायला घालायचं, आजारात धावायचं, आणि हॉटेलात त्याला खिशात हात घालू द्यायचा नाही. घालू दिला तर अब्रू गेली म्हणून समजा.

यारेमाच्या मुलाला ल्विवच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता, त्याची ही मेजवानी. म्हणजे भांडण आधीच शिजलेलं. बाप म्हणणार मुलगा माझा, धर्मबाप म्हणणार हातावर मी घेतला. सायीत शिजवलेला मक्याचा बनोश आला, आळंब्यांचं सार आलं, बटाट्याचे थालीपिठासारखे देरुनी आले, होरील्का दारूच्या बाटल्या आल्या. मुलगा बिचारा मान खाली घालून जेवत होता, त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

बाटली तळाला गेली तसा यारेमा "जरा हात धुऊन येतो" म्हणत उठला. ओरेस्त कसला ऐकतोय! मागून जाऊन त्यानं त्याला काउंटरपाशी कॉलरला धरलं.

"हात धुवायची जागा डावीकडे आहे कूम. इथं गल्ला असतो."

"सोड रे! चष्मा राहिला होता माझा इथं."

"तू जन्मात चष्मा लावला नाहीस. चल, बस जागेवर."

काउंटरवर झेनोवी हसत म्हणाला, "अजून बिल काढलंच नाही, तुम्ही बसा निवांत." मग वासिलिनानं मला दोघांच्या बरोब्बर मध्ये आणून ठेवलं. शहाणी मुलगी, पुढचं ताडून दोन पावलं मागे सरली.

"हात काढ, कूम!"

"तूच काढ. माझा मुलगा पास झालाय, तू कोण देणारा?"

"आणि त्याला हातावर घेतलं तेव्हा तो माझ्या नव्या सुटावर काय करून गेला होता, आठवतंय? तेव्हापासून तो माझा. या प्रिहोश्चायू!"

"गप! या प्रिहोश्चायू!"

अहो, शेजारच्या टेबलावरची औषधवाल्याची बायको खुर्ची वळवून बसली. मला इकडून ओढ, तिकडून ओढ. माझं झाकण उघडायचं नाव नाही, एकानंही अजून पाकीट बाहेर काढलेलं नाही, पण धडपड अशी की बघणाऱ्याला वाटावं दोन दानशूर कर्ण अवतरले आहेत. शेवटी ओरेस्तनं मला हिसकावलं आणि आपल्या मेंढीच्या कातड्याच्या कोटात, आतल्या खिशात कोंबलं. "आता दे बघू कसा देतोस ते!"

आत अंधार, तंबाखूचा वास आणि एक जुनी काकडीची फोड. कान तेवढे उघडे होते.

यारेमाला हार कशी सोसवेल? तो गरजला, "डबी घेऊन बस तू! मी केव्हाच पैसे दिलेत!"

"कधी?"

"तू वाद घालत होतास तेव्हाच! मिटलं सगळं!"

साफ खोटं. दिडकी दिली नव्हती मेल्यानं. कुमाचं तोंड बंद करायचं आणि मग जाता जाता गुपचूप देऊन टाकायचं, असा त्याचा बेत. ओरेस्त पुटपुटला, "दिलेस? लबाडा! बरं, पुढच्या खेपेला माझं." मला वाटलं, आता तरी हा मला बाहेर काढेल. कुठलं काय. तेवढ्यात "ना कोन्या!" झालं. म्हणजे निघता निघता शेवटचा पेला, घोड्यावर बसायच्या आधीचा. दोघांकडे घोडा नव्हता, पण पेले तीन झाले. यारेमाला गुपचूप देण्याची गोष्ट आठवायला हवी होती. पण टेबलावर डबी नाही, म्हणजे कुमानंच नेऊन दिले असणार, असं त्यानं ठरवून टाकलं. ठरवायला सोयीचंच होतं. मंडळी गात गात बाहेर पडली. तासभर ज्याच्यासाठी एकमेकांची गचांडी धरली, ते बिल कोणीच दिलं नव्हतं.

वासिलिना तेव्हा स्वयंपाकघरात दुसऱ्या टेबलाच्या मोमोसारख्या वारेनिकी घेत होती. बाहेर येऊन बघते तर टेबल रिकामं. पुढे काय झालं ते मी तिच्याच तोंडून नंतर कितीदा तरी ऐकलंय.

झेनोवी म्हणाला, "पैसे आण."

"मला नाही दिले मालक. तुमच्याकडे दिले ना?"

"माझ्याकडे कसले? सगळ्या हॉलनं ऐकलं, यारेमा म्हणाला दिले म्हणून. माझ्याकडे नाहीत, मग कोणाकडे दिले?"

"मी आत होते हो. मी डबी ठेवली आणि आत गेले."

"बरं, मग डबी कुठाय?"

डबीही नाही. औषधवाल्याची बायको मध्ये पडलीच, "या माझ्या कानांनी ऐकलं बाई, 'केव्हाच दिले' म्हणाले. एवढी मोठी माणसं खोटं बोलतील?" झेनोवीनं दुसऱ्या दिवशी यारेमाला फोन लावला. तिथं यारेमा जरा खरं बोलला असता तर काय बिघडलं असतं? पण आपण सगळ्यांसमोर थाप मारली हे कबूल कोण करणार! "म्हणजे काय? मी काय फुकट जेवणारा दिसतो तुम्हाला?" असं फोनवरच ओरडला. बस्स. चोर कोण ते ठरलं.

झेनोवीनं वासिलिनाला वाढण्यावरून काढून भांडी घासायला बसवलं. सगळं बिल तिच्या पगारातून कापलं. वर हरवलेल्या डबीची किंमतही कापली, आणि मला घेताना जेवढे दिले होते त्याच्या तिप्पट लावली! "पुढच्या रविवारपर्यंत पैसे कुठे लपवलेस ते कबूल कर," तो म्हणाला, "नाहीतर गावातल्या एकेका हॉटेलात सांगून ठेवतो. चोरटीला कोण कामावर घेतंय बघू." डोंगरात जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरनं ही बातमी तिच्या गावीही पोचवली. तिच्या आईनं दुकानात जाणं टाकलं. नाही म्हणायला वासिलिनाकडे एक शब्द होता, तिचा स्वतःचा. त्याला तिथं कोण विचारतो?

आणि मी, जिच्या पोटात ते न दिलेलं बिल जसंच्या तसं होतं, ती खुंटीवरच्या कोटात काकडीच्या फोडीशेजारी पडून होते. लाकडाला तोंड दिलं असतं तर मी ओरडून घर डोक्यावर घेतलं असतं.

सोमवारी ओरेस्तच्या बायकोनं, स्तेफानं, कोट वाऱ्यावर टाकायला काढला. खिसे चाचपले. मी निघाले. तिनं झाकण उघडलं, बिल वाचलं आणि नवऱ्यापुढे मला ठेवलं.

"हे काय?"

ओरेस्तचा चेहरा असा झाला की मला हसू येईना नि रडू येईना. त्यानं यारेमाला फोन लावला. आता ऐका मजा.

"कूम, तू पैसे दिलेस ना रे?"

"मी? डबी तर तू घेऊन गेलास!"

"तूच ओरडलास ना, दिले म्हणून?"

"ते मी तुला गप्प करायला म्हटलं! डबी ज्याच्या खिशात, बिल त्याचं."

"वा रे वा! मुलगा कोणाचा पास झाला?"

"धर्मपुत्र कोणाचा? हातावर कोणी घेतला होता?"

बघा हं. माणसं तीच, मुलगा तोच, बिल तेच. फक्त बघायला कोणी नव्हतं! काल "मी देतो, मी देतो" म्हणणारे आज "तू दे, तू दे" म्हणून भांडत होते. शेवटी दोघांचं एकमत झालं, की आता जाऊन द्यायचं म्हणजे गावभर हसं. काही दिवस जाऊ द्यावेत, नंतर कधीतरी जाऊन हळूच थोडं जास्त ठेवून यावं. तेरी भी चूप, मेरी भी चूप.

"आणि त्या वाढणाऱ्या मुलीचं काय?" स्तेफानं विचारलं.

"तिचं काय व्हायचंय? झेनोवी पाहून घेईल."

स्तेफानं मला उचलून आपल्या पिशवीत ठेवलं. शुक्रवारी बाजारात मेंढीचं चीज घेताना चीजवालीनंच तिला सगळं सांगितलं, भांडी घासणं, पगार, आईचं दुकानात न जाणं. पिशवीत हात घालून तिनं मला गच्च आवळून धरलं. संतापानं हो, दुसऱ्या कशानं नाही.

रविवारी चर्च सुटल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "चला, जेवायला जाऊ. कुमालाही हाक मारा. आजचं माझ्याकडून." हे वाक्य इतक्या हळू म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

"कुठे?" ओरेस्तनं विचारलं.

"चला तर खरं."

दाराशी आल्यावर दोघांचे पाय जड झाले, पण मागे मंडळी येत होती, वळणार कुठे? हॉल गच्च. औषधवाल्याची बायकोही हजर, ती कशी चुकेल? नवी वाढपीण आली, "काय आणू?"

स्तेफानं मला पिशवीतून काढून टेबलावर मधोमध ठेवलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "राखुनोक, बुद लास्का."

"पण मावशी, तुम्ही अजून काही खाल्लं नाहीत."

"आज नाही खाल्लं. मागच्या रविवारी खाल्लं. ते बिल जिनं आणलं होतं तिला बोलाव. तिच्याच हातात देणार आम्ही."

झेनोवी काउंटरमागून धावत आला, मला बघून जागीच उभा राहिला. वासिलिना ओल्या हातांनी बाहेर आली. स्तेफानं माझं झाकण उघडून बिल तिच्यापुढे धरलं. "हे या ओरेस्तच्या कोटात होतं, मुली. पैसे या दोघांतल्या एकानंही दिले नव्हते."

आता हे दोघे काय करतील सांगा पाहू? सगळा हॉल बघतोय म्हटल्यावर दोघांचेही हात एकदम पाकिटाकडे गेले!

"माझी चूक आहे, मी देतो!"

"छे छे, कूम, मी देतो!"

मागून कोणीतरी फिसकन हसलं, मग हॉलभर हशा पिकला. वासिलिना हसली नाही. वाढणारीनं विचारायचं असतं तसं तिनं विचारलं, "राझोम ची ओक्रेमो?" एकत्र देणार की वेगवेगळे?

वेगवेगळे दिले त्यांनी. अर्धे अर्धे, मोठ्या मोठ्या नोटा. आणि ओरेस्त सवयीनं म्हणून गेलाच, "रेश्ती ने त्रेबा, मुली. राहू दे तुला."

तिनं सुट्टे काढले, शेवटच्या नाण्यापर्यंत माझ्यात घातले आणि मला त्यांच्यापुढे सरकवलं. "हे तुमचे. मला दुसरं हवंय. त्या दिवशी तुम्ही 'आजचं माझ्याकडून' म्हणालात ते आत चुलीपर्यंत ऐकू आलं होतं. पैसे मी घेतले नव्हते, हे तेवढ्याच मोठ्यानं सांगा."

यारेमा छताकडे बघायला लागला. ओरेस्त मिशीत काहीतरी पुटपुटला.

"इकडे ऐकू नाही आलं!" खिडकीजवळून कोणीतरी ओरडलं.

"ओरेस्त," स्तेफा म्हणाली, "'ना कोन्या' म्हणताना निघतो तो आवाज काढा."

"हिनं पैसे घेतले नव्हते," ओरेस्त ओरडला. कानापर्यंत लाल झाला होता. "आम्ही दिलेच नव्हते. आम्ही दोघांनी."

"मी खोटं बोललो होतो," यारेमा म्हणाला. हळूच, पण म्हणाला. औषधवाल्याची बायको ताटातल्या वारेनिकी मोजत बसली.

झेनोवीनं हात चोळले. "चला, मिटलं तर! झालं गेलं विसरून जा पोरी. चार नंबरला बनोश ने बघू."

वासिलिनानं एप्रनची गाठ सोडली. "माझ्या पगारातून कापलेलं बिल परत द्या, मालक."

सगळे बघत होते. दिले त्यानं, मोजून.

"आणि डबीचे ना? तेही देतो, डबी तर सापडलीच की." त्यानं माझ्याकडे हात केला.

तिनं मला आधी उचललं. सुट्टे ओरेस्तच्या हातावर ओतले, मला एप्रनच्या टोकानं पुसलं आणि काखेत धरलं. "डबीचे नकोत. तिची किंमत तुम्ही माझ्याकडून घेतली, तिप्पट घेतली. डबी माझी झाली." दाराशी गेल्यावर ती वळली. "रेश्ती ने त्रेबा, मालक."

त्यानंतर मी झेनोवीचं तोंड पाहिलं नाही. त्यानं तिची माफी मागितली का? मागितली नाही. ओरेस्तनं मागितली, सहा महिन्यांनी, वासिलिनानं बसस्टँडजवळ चार टेबलांची खानावळ काढली तेव्हा. बाकांसाठी फळ्या घेऊन आला होता. तिनं फळ्यांचे पैसे चुकते केले आणि त्याला सार वाढलं, त्याचे पैसे घेतले. तिची आई आता तिथंच वारेनिकी वळते.

मी तिच्याकडेच आहे. पितळी फूल झिजलंय, बिजागरीला दोरा बांधलाय. मधल्या काळात लोक यंत्रावर कार्ड टेकवू लागले आणि मी बडीशेपेच्या गोळ्या सांभाळत बसले होते. आता लढाईत दिवसदिवस वीज जाते, यंत्रं गप्प पडतात आणि मेणबत्तीच्या उजेडात पुन्हा माझी हाक येते. म्हातारपणी पुन्हा नोकरीवर रुजू झाले म्हणा ना.

तर मंडळी, कधी इकडे जेवायला आलात तर ही चार वाक्यं ध्यानात ठेवा, अडणार नाही. भांडायचं असेल तर खुशाल भांडा, कॉलर धरा, मला ओढा, माझी हाडं घट्ट आहेत. फक्त कोट घालून दाराबाहेर पाऊल टाकण्याआधी वळून एवढं विचारा, की बाबांनो, पैसे खरोखर दिले का कोणी?